खाणीतील मतपेटी : औद्योगिक लोकशाहीचा एक तौलनिक विचार

तौलनिक राज्यशास्त्राचे नाव निघाले की आपल्या दृष्टीपुढे इंग्लंडची पार्लमेंट, अमेरिकेचे अध्यक्षपद, फ्रान्समधील एकामागून एक झालेली प्रजासत्ताके अशी दूरदूरची चित्रे उभी राहतात. शाळा-महाविद्यालयांतील पाठ्यपुस्तकांनी हा समज दृढ केला आहे. राज्यघटना शेजारी शेजारी मांडाव्यात, त्यांतील साम्य व भेद सांगावेत आणि विद्यार्थ्यांनी ते पाठ करावेत, एवढ्यावर हा विषय संपतो. परंतु गेल्या काही दशकांत या शास्त्राची दृष्टी पुष्कळच बदलली आहे. देशादेशांची तुलना करण्याऐवजी एकाच देशातील दोन प्रदेशांची, किंबहुना दोन गावांची तुलना अधिक फलदायी होते, असे अभ्यासक मानू लागले आहेत. रिचर्ड स्नायडर यांनी २००१ साली या पद्धतीचे सविस्तर मंडन केले. आपल्याकडे परोमिता सन्याल व विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतील चार राज्यांतील २९८ ग्रामसभांमध्ये लोक कसे बोलतात याचा अभ्यास केला. त्यात राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंची, एकमेकांशी मिळतीजुळती गावे मुद्दाम निवडली होती. लोक सारखे, भूमी सारखी, पण नियम वेगळे. मग नियमांचा परिणाम काय होतो, हे अशा ठिकाणी स्वच्छ दिसते.

हीच पद्धती आम्ही येथे आपल्या परिचयाच्या भूमीस लावून पाहणार आहोत. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी बल्लारशा सोडते, वर्धा नदी ओलांडते आणि राजुरा तालुक्यातून पुढे सिरपूर-कागजनगर, आसिफाबाद रोड, रेचनी रोड अशी स्थानके घेत बेल्लमपल्लीस पोचते. राजुरा व बेल्लमपल्ली ही दोन्ही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. भाषावार प्रांतरचनेत राजुरा व किनवट हे तालुके मराठी प्रदेशाकडे आले. बेल्लमपल्ली आंध्रात राहिली, पुढे २०१४ साली तेलंगणात आली आणि २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर मंचिर्याल जिल्ह्यात मोडू लागली. दोहोंच्याही पोटात कोळसा आहे. राजुऱ्याकडील सास्तीसारख्या खाणी कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीकडे आहेत. बेल्लमपल्लीचा पट्टा सिंगरेणी कंपनीकडे आहे. या कंपनीचे एक्कावन्न टक्के भाग राज्यशासनाचे व एकोणपन्नास टक्के केंद्रशासनाचे आहेत. दोन्हीकडील कामगारांचे मूळ वेतन एकाच राष्ट्रीय करारान्वये ठरते. मग भेद तो कोणता? भेद एवढाच की, आपल्या वतीने कोणी बोलावे हे सिंगरेणीचा कामगार गुप्त मतदानाने ठरवतो. राजुऱ्याकडील कामगारांच्या संघटनांचे बळ मात्र वेतनातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीच्या मोजणीवरून ठरत आले आहे.

वरवर पाहता ही बाब कार्यालयीन तपशिलाची वाटेल. तशी ती नाही. १९२६ च्या कायद्याप्रमाणे सात कामगार एकत्र आले की त्यांस संघटनेची नोंदणी करता येत असे. परंतु एका कारखान्यात अशा दहा संघटना असतील तर मालकाने कोणाशी वाटाघाटी कराव्यात, हे तो कायदा सांगत नव्हता. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. मान्यतेचा निकष काय असावा यावर आपल्या देशात दीर्घकाळ वाद चालला. इंटकचे म्हणणे असे की, जो नियमाने वर्गणी भरतो तोच खरा सभासद; मतदान ठेवले तर क्षणिक घोषणांच्या लाटेवर कोणीही निवडून येईल. आयटकचे उत्तर असे की, वर्गणीच्या नोंदवह्या लिहिता येतात, मत लिहून घेता येत नाही. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगानेही १९६९ च्या आपल्या अहवालात या दोहोंपैकी एकाची निवड केली नाही. प्रसंगानुसार पद्धत ठरविण्याचा अधिकार प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगास द्यावा, एवढेच सुचविले.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता, याचे सर्वांत दारुण उदाहरण मराठी वाचकास सांगावयास नको. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यान्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक संघटना होती, आणि वाटाघाटींचा अधिकार तिच्याकडेच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. वेतनवाढीबरोबरच त्या कायद्याविरुद्ध व त्या संघटनेच्या मान्यतेविरुद्धही त्यांची तक्रार होती. कामगार एकीकडे व त्यांची कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे असा विचित्र प्रसंग उद्भवला. संप कधी विधिवत मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरले. पुढे १९८४ साली दक्षिण-मध्य मुंबईतील मतदारांनी याच डॉ. सामंतांना लोकसभेवर निवडून पाठविले. ज्या कामगारास देशाच्या संसदेतील प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडता येत होता, त्याला आपल्याच गिरणीतील प्रतिनिधी तसा निवडता येत नव्हता. संपाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत व सर्व दोष एका कायद्यावर लादणे न्याय्य होणार नाही. तथापि मत मोजण्याचा मार्गच बंद असला म्हणजे मतभेद कोठवर जातात, हे त्या संपाने दाखविले.

आता पुन्हा बेल्लमपल्लीकडे वळू. येथे १९२७ च्या सुमारास खाणकाम सुरू झाले आणि रानातले खेडे कोळशाचे नगर बनले. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिंगरेणीत संघटनांची एवढी दाटी झाली होती की, वर्षाला शेकडो लहानमोठे संप होत. एका संघटनेशी तडजोड केली की दुसरी काम बंद पाडी. कंपनी आर्थिकदृष्ट्या डबघाईस आली. या अवस्थेतून वाट काढण्यासाठी १९९८ साली केंद्रीय श्रमयंत्रणेच्या देखरेखीखाली गुप्त मतदान घेण्यात आले. मतपत्रिकेवर संघटनांची चिन्हे, खाणीखाणींवर मतदानकेंद्रे, सार्वजनिक मोजणी असा सर्व थाट सार्वत्रिक निवडणुकीसारखाच होता. त्यानंतर २००१, २००३, २००७, २०१२, २०१७ व २०२३ या वर्षी पुन्हा मतदान झाले. पहिल्या दोन वेळा आयटक विजयी झाली. २००३ मध्ये इंटक, २००७ मध्ये पुनश्च आयटक, २०१२ व २०१७ मध्ये तेलंगणा-आंदोलनातून उदयास आलेली तेलंगणा बोग्गु गनि कार्मिक संघम्, आणि २०२३ मध्ये पुन्हा आयटक.

या नामावलीचे महत्त्व काय? रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली असा सिद्धान्त मांडला की, संघटना कितीही लोकशाहीवादी असो, तिची सत्ता अखेर मूठभर नेत्यांच्या हाती जातेच. या सिद्धान्तास अपवाद कोठे सापडतो याचा शोध लिप्सेट, ट्रो व कोलमन यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात घेतला. अमेरिकेतील मुद्रण-कामगारांच्या संघटनेत दोन पक्ष टिकून होते व ते आळीपाळीने सत्तेवर येत, असे त्यांस आढळले. हंटिंग्टन यांनी १९९१ साली नव्या लोकशाह्यांच्या स्थैर्याची कसोटी सांगताना म्हटले की, सत्ता दोनदा शांततेने हस्तांतरित झाली म्हणजे ती लोकशाही रुजली असे समजावे. खाणीतील मान्यताप्राप्त संघटना सात निवडणुकांत चार वेळा बदलली. ही कसोटी राष्ट्रांसाठी आहे हे खरे. पण ती येथे लावली, तर सिंगरेणी उत्तीर्ण होते.

निवडणुकीची रचनाही अभ्यसनीय आहे. संपूर्ण कंपनीत सर्वाधिक मते मिळविणारी संघटना मान्यताप्राप्त ठरते. याशिवाय अकरा विभागांपैकी प्रत्येक विभागात पहिली येणारी संघटना त्या विभागापुरती प्रातिनिधिक मानली जाते. २७ डिसेंबर २०२३ च्या मतदानात सुमारे ३९ हजार ७०० मतदार होते व शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांनी मत दिले. इंटकने सहा विभाग जिंकले, आयटकने बेल्लमपल्लीसह पाच. तरीही कंपनीची मान्यता आयटकला मिळाली, कारण एकूण मतांत ती सुमारे दोन हजारांनी पुढे होती. श्रीरामपूरसारखे मोठे विभाग तिच्या बाजूस होते. लहान विभागातील विजय व मोठ्या विभागातील विजय विभागांच्या गणतीत सारखाच धरला जातो, मतांच्या गणतीत नाही. मध्य प्रदेशात २०१८ साली भारतीय जनता पक्षास काँग्रेसपेक्षा किंचित अधिक मते मिळूनही जागा कमी मिळाल्या होत्या, तेथे निर्णय जागांनी झाला. येथे मतांनी झाला. ‘लोकांचा कौल’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो कौल कोणत्या मापाने मोजला, हे सांगितल्यावाचून त्या शब्दास निश्चित अर्थ येत नाही.

या पद्धतीत आणखी एक बदल संभवतो. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तरच एकटी संघटना वाटाघाटी करील. एरव्ही वीस टक्क्यांवर पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून एक परिषद बनेल, असे तीत म्हटले आहे. २०२३ साली विजयी संघटनेस निम्मी मते नव्हती. म्हणजे ‘पहिला येईल त्याचे सर्व’ या तत्त्वाकडून ‘प्रत्येकास त्याच्या बळाप्रमाणे’ या तत्त्वाकडे हा प्रवास आहे. राज्यशास्त्रात बहुमतप्रधान व सहमतिप्रधान लोकशाही असा जो भेद केला जातो, तो शिक्षकांस वर्गात समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

येथवर आम्ही गुप्त मतदानाची बाजू मांडली. परंतु तौलनिक अभ्यास म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. रॉबर्ट डाल यांनी १९७१ साली लोकशाहीची दोन परिमाणे सांगितली : स्पर्धा व समावेश. सत्तेसाठी खुली स्पर्धा आहे की नाही, हा एक प्रश्न. त्या स्पर्धेत मत देण्याचा अधिकार किती जणांस आहे, हा दुसरा. सिंगरेणीत स्पर्धा भरपूर आहे; २०२३ साली तेरा संघटना उभ्या होत्या. समावेशाचे काय? १९९८ साली मतदार लाखाच्या घरात होते. पंचवीस वर्षांत ते चाळीस हजारांच्या आत आले. बेल्लमपल्ली नगरातील जुन्या भुयारी खाणी बंद पडल्या. उघड्या खाणींत मातीचे थर उपसण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले. कंत्राटी कामगार त्याच धुळीत, त्याच उन्हात राबतो. पण त्याला या निवडणुकीत मत नाही. मतपेटी जशी होती तशीच आहे, तिच्याभोवतीचा समाज मात्र आक्रसत चालला आहे. प्राचीन अथेन्समध्येही सभा गजबजलेली असे. दास व स्त्रिया तीत नसत.

दुसरी मर्यादा स्वायत्ततेची. मान्यताप्राप्त संघटनेच्या हाती बदल्या, निवासस्थाने, औषधोपचार, वारसांच्या नोकऱ्या असे प्रश्न येतात. मूळ वेतन राष्ट्रीय पातळीवर ठरते आणि नफ्यातील कामगारांचा वाटा राज्यशासन जाहीर करते. त्यामुळे खाणीतील मत राजधानीतील वाऱ्याकडे पाहून पडण्याची शक्यता नेहमीच असते. २०२३ साली राज्यात सत्तांतर होताच आधीच्या सत्तारूढ पक्षाशी निगडित असलेली, दोनदा विजयी झालेली संघटना अगदी थोड्या मतांवर आली. परंतु त्याच मतदानात नव्या सत्तारूढ पक्षाच्या संघटनेसही कामगारांनी कंपनीची मान्यता दिली नाही. वारा कोठून वाहतो हे त्यांनी पाहिले, पण पाठ सर्वस्वी वाऱ्याकडे केली नाही, असे म्हणावयास जागा आहे.

तात्पर्य, गिरणगावाने आपणांस स्पर्धेच्या अभावाचा धडा दिला. बेल्लमपल्ली समावेशाच्या अभावाचा धडा देत आहे. पहिला धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. दुसरा तसाच शिकावयाचा की वेळीच, एवढाच प्रश्न आहे. डाल यांनीच १९८५ साली असा विचार मांडला की, राज्यकारभारात लोकशाही न्याय्य असेल तर उद्योगाच्या कारभारातही ती न्याय्य ठरते. कारण दोहोंतही माणूस दुसऱ्याने केलेल्या नियमांखाली जगतो. हे मान्य केले तर त्या नियमांखाली जगणारा प्रत्येक जण मतदार का नसावा, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, मताधिकाराचा इतिहास सांगताना वेस्टमिन्स्टरबरोबर राज्यसीमेच्या दोन बाजूंच्या या खाणीही नकाशावर दाखवाव्यात, आणि विद्यार्थ्यांस दोनच प्रश्न विचारावेत : येथे मत कोण देतो? आणि जो देत नाही, तो का देत नाही?