आकसलेली पट्टी

वांगणी म्हटलं की लोकलने फिरणाऱ्याला बदलापूरच्या पुढचं स्टेशन आठवतं. ही ती वांगणी नव्हे. ही जव्हार तालुक्यातली. १९९२ साली इथे कुपोषणाने मुलं दगावली आणि ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. तेव्हा जिल्हा ठाणे होता, पालघर झाला १ ऑगस्ट २०१४ ला. जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाड्यांत लहान मुलाच्या दंडाला गुंडाळायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी कुणाला नवी नाही. छापलेल्या कागदावरच्या मापपट्टीबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण कागदावरचे दोन-तीन मिलिमीटर कुठे जिवावर बेततात ते तिथे दिसतं.

मी मजकूर जुळवणारा माणूस. चौकटीत चित्र किंवा मजकूर टाकायचा आणि चौकटीच्या कडेने सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, असं काम अधूनमधून येतं. काम दिसायला किरकोळ. पण त्याभोवती जितके गैरसमज आहेत तितके अक्षराच्या वळणाभोवतीही नसतील, आणि त्यातले निम्मे मी स्वतः पाळलेले आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की पट्टी छापलेली आहे म्हणजे माप खरं आहे. पीडीएफमध्ये सेंटिमीटर बरोबर असतो, त्यात वाद नाही. घोळ होतो तो प्रिंटरपाशी. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत, म्हणून ‘फिट टू पेज’ ही खूण असली की पान थोडं आकसून घेतात. फाइल अमेरिकी ‘लेटर’ मापाची असेल तर ती २१६ मिलिमीटर रुंद, आपला ए-फोर २१० चा. बसवायचं तर पान ९७ टक्क्यांवर येणारच. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही. अक्षरं तशीच, चौकट तशीच, पट्टीवरचे आकडेही तसेच.

आता ही ९७ टक्क्यांची पट्टी दंडाला लावून पाहू. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजतात. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा, त्याच्या वर हिरवा. समजा मुलाचा खरा घेर ११.२ आहे. आकसलेल्या पट्टीवर तो ११.५५ च्या आसपास वाचला जाईल. लाल मूल पिवळं झालं. पट्टी लहान झाली की मूल मोठं दिसतं, हे उलटं गणित पहिल्यांदा मला कागदावर मांडल्याशिवाय पटलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये ही लाल सीमा ११ वरून ११.५ सेंटिमीटरवर नेली, म्हणजे ५ मिलिमीटरसाठी जगभरचा नियम बदलला. प्रिंटर त्या सीमेवर साडेतीन मिलिमीटर गुपचूप खातो. म्हणून मोजायला न फाटणारी तयार पट्टीच वापरायची. पुस्तिकेत छापलेली पट्टी फक्त वापर शिकवण्यापुरती, आणि तसं शेजारी लिहायचं.

मग पट्टी छापूच नये का? इथे दुसरा गैरसमज उभा राहतो, आणि तो पहिल्याच्या अगदी उलट आहे. नकाशा घ्या. जव्हार-मोखाड्यात वनहक्काच्या दाव्यांमुळे घरोघरी नकाशांच्या झेरॉक्स फिरतात. नकाशाच्या कोपऱ्यात ‘१:५०००’ लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, तेच खरं प्रमाण, खालची काळी-पांढरी पट्टी नुसती शोभेची. वस्तुस्थिती अशी, की ए-थ्री नकाशाची ए-फोर झेरॉक्स निघाली त्या क्षणी ‘१:५०००’ हे अक्षर खोटं झालं, कारण अक्षर आकसलं तरी त्यातला आकडा आकसत नाही. शोभेची वाटणारी पट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान झाली, म्हणून ती खरीच राहिली.

इथेच ‘ए-फोर म्हणजे ए-थ्रीच्या निम्मा’ हे वाक्य लोकांना फसवतं. निम्मं होतं ते क्षेत्र. लांबी ७०.७ टक्के राहते, म्हणूनच झेरॉक्स मशीनवर ७१ टक्क्यांचं तयार बटण असतं. त्या ए-फोरवर फूटपट्टी ठेवून कुणी ‘१ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर’ असा हिशेब केला तर ४० गुंठ्यांचा एकर कागदावर २० गुंठ्यांचा होतो. शेजारी छापलेली पट्टी पाहिली असती तर हे टळलं असतं.

म्हणजे तीच पट्टी, तेच आकसणं. नकाशात तो तिचा गुण आहे आणि दंडाच्या पट्टीत दोष. मोजायची वस्तू कागदावरच असेल तर पट्टी तिच्याबरोबर आकसलेली चांगली. वस्तू कागदाबाहेर असेल, पोराचा दंड असो की पेरणीच्या दोन ओळींतलं अंतर, तर पट्टी एका केसाइतकीही आकसता कामा नये. ऑर्डर घेताना मी आता हे आधी विचारतो, रंग आणि फॉण्ट नंतर.

‘स्क्रीनवर शंभर टक्के केलं की खरं माप दिसतं’ हा गैरसमज पटकन मिटवता येतो. फूटपट्टी मॉनिटरला लावा, मग तोच दस्तऐवज मोबाइलवर उघडा. अजून काही बोलायला नको.

चौकटीचं मोजमाप कुठून धरायचं, हे मात्र जुळवणाऱ्यांनाही चकवतं. डोनाल्ड नुथ यांच्या टेक या मजकूर जुळवायच्या प्रणालीवर उभ्या असलेल्या लेटेकमध्ये साधी चौकट केली तर मजकूर आणि रेघ यांच्यात सगळीकडून ३ पॉइंट जागा सुटते आणि रेघ ०.४ पॉइंट जाड असते. दोन्ही बाजू मिळून ६.८ पॉइंट, म्हणजे जवळजवळ २.४ मिलिमीटर. आतला मजकूर १० सेंटिमीटर रुंद असेल तर चौकट बाहेरून १०.२४ भरते. पट्टीचा शून्य कुठे धरला ते ठरवलं नाही तर दोघे जण एकच चौकट मोजून भांडतील आणि दोघेही बरोबर असतील. लेटेकला जोडायच्या, थॉमस श्टुर्म यांच्या ‘टीकलरबॉक्स’मध्ये चौकटीच्या कोपऱ्यांना धरून वरून खुणा काढता येतात. मजकूर वाढला की पट्टीही वाढते. पण वरून काढलेल्या त्या खुणा पानावर जागा अडवत नाहीत, त्यामुळे शेजारच्या मजकुरावर चढतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात ‘७’ हा आकडा एका वेलांटीवर जाऊन बसला होता.

पॉइंटही सगळीकडे एक नाही. टेकचा पॉइंट इंचात ७२.२७, पोस्टस्क्रिप्टचा नेमका ७२. आणि १२ पॉइंटचं अक्षर १२ पॉइंट उंच नसतं. तो आकडा खिळ्याच्या अंगाचा, ज्यात वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकारही मावायचा असतो. म्हणून देवनागरीतला ‘क’ स्वतः त्याहून बराच बुटका निघतो.

राहिली आडव्या-उभ्याची गोष्ट. चौकटीभोवती पट्टी एकाच बाजूला पुरेशी आहे असं गिऱ्हाईक म्हणतं, शाई वाचते म्हणतं. पण कागद रोलरमधून ज्या दिशेने ओढला जातो, त्या दिशेत माप थोडं वेगळं पडू शकतं. म्हणून एक आडवी, एक उभी, निदान दोन तरी हव्यातच.

छापून आल्यावर तपासायला मी चौकटीखाली १० सेंटिमीटरची एक रेघ सोडतो आणि लिहितो, ‘ही मोजा, १० भरली तरच वापरा.’ पाड्यावर फूटपट्टी सापडेलच असं नाही. म्हणून आता त्या रेघेशेजारी ८५.६ मिलिमीटरचा एक रिकामा आयतही काढतो. एटीएम कार्ड किंवा प्लॅस्टिकचं आधार कार्ड त्यावर ठेवायचं. कडा बरोबर जुळल्या तर ठीक, कार्ड बाहेर डोकावलं तर कागद परत पाठवायचा.