पान्हा आणि विश्वास : मानसोपचाराच्या नात्यात हार्मोनचे स्थान

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हार्मोनचं तुम्हाला काय?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो नुसता पीएच.डी.चा, नाडी दाखवायला माझ्याकडे कोणी येऊ नये. पण 'अमुक भावना म्हणजे अमुक हार्मोन' असं विधान ऐकलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही. मोबाईलवर तुम्हीही वाचलं असेल : ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचं हार्मोन, विश्वासाचं हार्मोन. त्याची पुढची पायरी अशी, की समुपदेशकाशी बोलून माणसाला बरं वाटतं ते याच हार्मोनमुळे. यात खरं किती, ते आज बघायचं आहे.

सुरुवात गोठ्यातून करू. आपल्या जिल्ह्यात भूम-परंड्याकडे दुधाचा आणि खव्याचा धंदा आहे, त्यामुळे हे समजावून सांगायची गरज नाही. रेडकू कासेला लावलं, त्यानं दोन ढुसण्या दिल्या, की म्हैस पान्हा सोडते. आत घडतं ते असं : चोखण्याचा निरोप मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातो, पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जातात. दूध आधीपासून तयार असतं. ते खाली उतरतं ते यामुळे. आणि नवखा माणूस धारेला बसला, कुत्रं अंगावर आलं, तर? म्हैस पान्हा चोरते. भीतीनं ॲड्रेनलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं. एकच हार्मोन, तीच म्हैस, फरक पडला तो समोर कोण बसलंय याचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1906 मध्ये लंडनला हेन्री डेल यांनी पिट्युटरीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं हे दाखवलं. 1910 मध्ये अमेरिकेत ऑट आणि स्कॉट यांना त्याच ग्रंथीच्या अर्कानं शेळीचं दूध उतरताना दिसलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे नऊ अमिनो आम्लांचं रेणू प्रयोगशाळेत तयार केलं, 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तेव्हापासून ते इंजेक्शनच्या बाटलीत आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून ते आयांचे जीव वाचवतं, आणि तेच चोरून म्हशीला टोचलं की रेडकाशिवायही दूध उतरतं.

आता दूध सोडून नात्याकडे येऊ. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात हा प्रयोग सांगायलाच हवा. अमेरिकेत पीटर क्लॉपफर यांनी 1960 च्या दशकात शेळ्यांवर निरीक्षणं केली. व्यायल्याबरोबर पिल्लू काढून नेलं आणि तासाभरानं परत आणलं, तर शेळी बहुधा त्याला ढुशी मारून हाकलते. पण व्यायल्यावर फक्त पाच मिनिटं पिल्लू जवळ राहू दिलं, तर नंतर परत आणल्यावर ती त्याला घेते. पुढे 1987 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी न व्यालेल्या मेंढ्यांना आधी इस्ट्रोजेन दिलं आणि मग ऑक्सिटोसिन थेट मेंदूतल्या पोकळीत सोडलं. त्यांनी परक्या कोकरांना जवळ केलं. म्हणजे हार्मोन नात्याचं दार उघडतं, एवढं मान्य. पण दार उघडं असताना समोर कोकरू हवं. आणि 'मेंदूतल्या पोकळीत' हे शब्द विसरू नका, कारण रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारसं पोचत नाही.

माणसाच्या बाबतीत गाडी इथेच घसरली. 2005 मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी काही पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिला, काहींना नुसतंच औषधासारखं दिसणारं काहीतरी दिलं, आणि अनोळखी माणसाच्या हाती पैसे सोपवायचा खेळ लावला. ऑक्सिटोसिनवाल्या 29 जणांपैकी 13 जणांनी सगळे पैसे सोपवले, दुसऱ्या गटात 29 पैकी 6 जणांनी. झालं! जगभर 'विश्वासाचा रेणू' म्हणून गाजावाजा. 2020 मध्ये 677 जणांवर तोच प्रयोग नीट आखून पुन्हा झाला, तेव्हा एकंदर परिणाम दिसला नाही. ही बातमी मात्र तुमच्या मोबाईलवर आली नसेल.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 2010 चा एक अभ्यास. पुरुषांना ऑक्सिटोसिन देऊन आईच्या आठवणी विचारल्या. ज्यांना नात्यांची धास्ती कमी, त्यांना आई होती त्याहून मायाळू आठवली. ज्यांना धास्ती जास्त, त्यांना ती कमी मायाळू आठवली. नंतर नैराश्याच्या काही पुरुष रुग्णांना मानसोपचाराच्या बैठकीआधी एक मात्रा दिली गेली. दुसऱ्याच्या डोळ्यांतले भाव ओळखण्यात ते सुधारले. पण बैठक सरकत गेली तशी त्यांची अस्वस्थता वाढली. गट लहान होता, फार ताणू नये. तरी अर्थ लागतो. समोरच्याकडे लक्ष वाढलं, म्हणजे समोरच्यावर विश्वास वाढला असं नव्हे. पोळलेला माणूस जास्त लक्ष देऊन बघतो तो पुन्हा पोळू नये म्हणून.

मग मानसोपचारातलं नातं ही काय भानगड आहे? एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये त्याचे तीन धागे सांगितले : कुठे पोचायचं यावर दोघांची सहमती, त्यासाठी काय करायचं यावर सहमती, आणि दोघांमधला जिव्हाळा. 2018 मध्ये 295 अभ्यास एकत्र तपासले गेले. नातं चांगलं तिथे उपचाराचा गुण जास्त, असा मध्यम पण ठाम संबंध निघाला, उपचारपद्धती कोणतीही असो. आता बघा, तीनपैकी दोन धागे सहमतीचे आहेत. सहमती विचारानं होते. तिला कारणं लागतात. जिव्हाळ्याच्या धाग्यात हार्मोनचा हात असेल, मी नाकारत नाही. पण 'मी या माणसाला का सांगावं?' या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही ग्रंथीतून स्रवत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. शेतकरी आत्महत्यांचा डाग लागलेल्या 14 जिल्ह्यांमध्ये राज्याच्या आरोग्य विभागानं प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात आपला जिल्हा आहे. आशाताई घरोघरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात : झोप लागते का, उदास वाटतं का, जगणं नको वाटतं का. गरज दिसली तर पुढे जिल्हा रुग्णालयात मानसोपचार. कल्पना चांगलीच आहे. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. ओसरीवर आई बसलेली, भाऊ बसलेला, शेजारी डोकावतोय, आणि ताई विचारते, "दादा, मरावंसं वाटतं का?" तो म्हणतो, "न्हाई ओ ताई, बरं हाय सगळं." हा पान्हा चोरणं आहे. दूध नाही असं नव्हे. धारेची जागा चुकली. त्याचं कारणही शहाणपणाचं आहे. गावात गोष्ट फुटली तर सोयरीक मोडते, उधारी बंद होते.

अशा वेळी त्याच्या नाकात फवारा मारून तो बोलता झाला, असं समजा. झालं ते चांगलं का? माझं उत्तर नाही असं आहे. इंजेक्शननं उतरवलेलं दूध रेडकाच्या वाट्याला जात नाही. ज्यानं गुपित राखायची हमी दिलेली नाही, जो पुढच्या महिन्यात फिरकणारही नाही, त्याच्यावर विश्वास बसवणं म्हणजे रुग्णाचं राखणीचं कुत्रं बांधून ठेवणं.

1957 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मिशिगनला मार्टिन बुबर आणि कार्ल रॉजर्स यांचा जाहीर संवाद झाला. रॉजर्स म्हणत होते, उपचाराच्या खऱ्या क्षणी दोघं बरोबरीनं भेटतात. बुबर ऐकेनात. त्यांचा मुद्दा : तो मदतीसाठी तुमच्याकडे आलाय, तुम्ही त्याच्याकडे आलेला नाहीत, तुम्ही त्याच्या बाजूनं बघू शकता, त्यानं तुमच्या बाजूनं बघावं ही अपेक्षा धरता येत नाही. मी स्वतः बुबर यांच्या बाजूचा. नातं असमान आहे, म्हणून विश्वासाला पात्र ठरण्याचं ओझं एकाच बाजूवर जास्त आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग आशाताईनं करावं काय?)

ताई, मी सांगणं सोपं, उन्हात फिरता तुम्ही. पण पहिल्या भेटीत तो शेवटचा प्रश्न ओसरीवर नको. गोठ्यात, बांधावर, जिथे तो एकटा असेल तिथे विचारा. तसं विचारल्यानं जिवाचा विचार डोक्यात घुसत नाही, ही भीती काढून टाका. काय कोणाला सांगणार आणि काय नाही, ते आधी सांगा. जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येणार नाही, हेही आधीच. पुन्हा येते म्हणालात तर त्या दिवशी जाच. आणि गावातल्या कोणालाच सांगायला तो धजत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये स्वतः घालून द्या; तिथे मराठीत बोलता येतं.