एकच आग, दोन निकाल

पाण्यावर तेल सांडलं आणि ते पेटलं, तर भरपाई कोण देणार? सांडणारा, आणखी कोण! इतकं सोपं वाटत असेल तर सिडनीच्या बंदरात चला.

30 ऑक्टोबर 1951. 'वॅगन माउंड' जहाज इंधन भरत होतं. खलाशांच्या हलगर्जीपणाने बरंच फर्नेस ऑइल पाण्यात गेलं. जहाज निघून गेलं, तवंग मात्र पसरत मॉर्ट्स डॉक कंपनीच्या धक्क्याखाली आला. धक्क्यावर वेल्डिंग चालू होतं. मॅनेजरने ते थांबवलं, चौकशी केली, आणि असलं तेल उघड्यावर पेटत नाही अशी खात्री पटल्यावर पुन्हा सुरू करायला लावलं. तसं त्याचं बरोबरच होतं. हे तेल सुमारे 77 अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय पेट घेत नाही, आणि इथे तर खाली अख्खा समुद्र!

तरी 1 नोव्हेंबरला धक्का जळाला. कसा? तेलात कॉटन वेस्टचा बोळा तरंगत असावा. त्यावर वितळलेल्या धातूचा थेंब पडला, बोळा धुमसू लागला आणि त्याने समईतल्या वातीचं काम केलं. वात पेटली की तेल पेटायला कितीसा वेळ!

कंपनीने दावा लावला. तेव्हा 1921 चा एक इंग्लिश निकाल प्रमाण होता: हलगर्जीपणा केलात ना, मग त्यातून थेट जे नुकसान होईल ते सगळं भरा, कल्पनेत नसलेलंसुद्धा. त्या जोरावर कंपनी सिडनीत जिंकली. पण 1961 मध्ये अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायमंडळाने, तो नियमच मोडीत काढला. शहाण्या माणसाला आधी सुचू शकेल अशाच प्रकारच्या नुकसानीची भरपाई मिळेल. तेलाने धक्का बरबटेल, हे सुचण्यासारखं. आग? नाही. म्हणजे कृत्य चुकीचं, हलगर्जीपणा सिद्ध, आणि आगीबद्दल छदामही नाही!

खरी गंमत पुढेच आहे. धक्क्याला लागलेली जहाजंही त्याच आगीत होरपळली होती. त्यांच्या मालकांचा दावा 1966 मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलपुढे आला, आणि ते जिंकले!

असं कसं? डॉक कंपनीची गोची बघा. 'आग लागेल हे कळायला हवं होतं' म्हणावं, तर समोरचा विचारणार, 'मग तुम्ही वेल्डिंग का केलंत?' त्या काळी सिडनीत वादीची स्वतःची चूक निघाली की अख्खा दावा बाद. जहाजमालकांच्या पायात ही बेडी नव्हती. आग अवघड असली तरी अशक्य नाही, 'वॅगन माउंड'च्या इंजिनिअरला हे ठाऊक असायला हवं होतं, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं.

निकाल देणारे न्यायाधीश लॉर्ड रीड यांनी मग साधा हिशेब मांडला. धोका बारीक होता, कबूल. पण तो टाळायला खर्च किती? शून्य. उलट तेल सांडून स्वतःचाच तोटा, शिवाय बंदरात तेल सोडणं हा गुन्हा. मग दुर्लक्ष करायला सबब कोणती? कसलीच नाही. भरा पैसे.