बॉयलरची नळी फुटते कशी? कारण सांगतो फुटलेला तुकडाच!

‘ट्यूब लिकेजमुळे संच बंद’ ही बातमी चंद्रपूर, कोराडी, भुसावळ या वीज केंद्रांच्या भागात अनेकांनी वाचली असेल. ५०० मेगावॅटचा एक संच बंद पडला आणि तेवढी वीज दुसरीकडून मिळाली नाही, तर भारनियमनाची वेळ येते. पण पोलादाची जाड नळी फुटते तरी कशी?

अशा संचात वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. दाब असतो चौरस सेंटिमीटरला सुमारे १७० किलो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या ७०-८० पट. एवढ्या आगीत नळी टिकते, कारण आतून वाहणारे पाणी किंवा वाफ तिची उष्णता सतत ओढून नेते.

गडबड इथेच होते. ठिबकच्या नळीत क्षार बसतात, तसा थर बॉयलरच्या नळीत बसला की उष्णता बाहेर पडत नाही. नळी जास्त तापते, फुगते आणि फुटते. म्हणूनच बॉयलरला क्षार काढलेले पाणी लागते.

बाकीची कारणेही आहेत. आपल्याकडच्या कोळशात राख जास्त. ती वेगाने आदळून नळी बाहेरून घासली जाते. संच वारंवार बंद-चालू केला की धातू आकसतो, प्रसरण पावतो आणि जोडावर चिरा पडतात. काही वेळा वेल्डिंगच कच्चे असते.

नेमके कारण फुटलेला तुकडा सांगतो. नळी माशाच्या तोंडासारखी उघडली आणि कडा पातळ असतील, तर ती अचानक खूप तापली असे समजतात. कडा जाड असतील, तर वर्षानुवर्षे उष्णता सोसून धातू थकला, अशी शंका येते. बाहेरची बाजू घासून सपाट झाली असेल, तर राखेकडे बोट जाते. मग जाडी मोजतात, आतला थर तपासतात, धातू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

गळती लहान असली तरी थांबून चालत नाही. बाहेर पडणारी वाफ शेजारच्या नळ्याही कापते. शिवाय इतकी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही, नुसता आवाज येतो. तिथे काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका असतो.

म्हणून फुटलेला तुकडा भंगारात टाकून नवीन जोडला, की काम संपले असे होत नाही. कारण सापडले नाही, तर आज इथे फुटलेली नळी उद्या शेजारी फुटते.