दरबार गेला, रसिक उरला

रामबाग, नारायणबागेतली कित्येक मराठी बिऱ्हाडे विजयनगरकडे सरकली आणि त्यांच्याबरोबर तंबोरे-पेट्याही सरकल्या. त्या नव्या घरांतून आता गिटारही तितक्याच सवयीने ऐकू येते. मुलांच्या तोंडी ‘रॉक’ हा शब्द असतो, आणि आईवडिलांच्या तोंडी एकच प्रश्न : ‘मास्तर, यावर पोट भरेल का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका वाद्यवृंदाच्या वाटचालीवरून द्यावे, असे मला वाटते. हा वृंद म्हणजे ‘इंडियन ओशन’.

वृंद दिल्लीचा खरा, पण त्याचे आपल्या मुलखाशी नाते आहे. त्यातले राहुल राम हे कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागले. या वृंदाचे ‘मा रेवा’ हे गाणे नर्मदाकाठच्या लोकगीतातून आले आहे. १९७८ पासून जलूदहून ज्या नदीचे पाणी आपल्या नळांना येते, तिचेच हे गाणे. इंदूरकराला ते परके कसे वाटावे?

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती १९८४ साली भेटले. वृंदाला नाव मिळाले १९९० मध्ये. पुढे राहुल राम आणि ढोलवादक अमित किलम येऊन मिळाले. असीम तबला वाजवता वाजवताच गात. सुस्मित यांच्या गिटारीत विलायती सुरावटींचा भरणा नसून एकेक स्वर रागाच्या अंगाने पुढे जातो, हे जाणकाराच्या कानाला लगेच कळते.

पहिली ध्वनिमुद्रिका १९९३ साली एचएमव्हीने काढली. ‘डेझर्ट रेन’ ही दुसरी १९९७ साली दिल्लीच्या एका खुल्या मैफलीतच मुद्रित झाली. २००० सालच्या ‘कंदिसा’ने मात्र घरोघरी नाव नेले. त्याचे शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्रार्थना आहे! २०१० साली त्यांनी कमालच केली. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात तालमी चालत, त्याचा पत्ताच, ‘१६/३३० खजूर रोड’, नव्या संग्रहाला नाव म्हणून दिला आणि त्यातली सातही गाणी, दरमहा एक याप्रमाणे, लोकांना विनामूल्य वाटली. गाणे मोकळे सोडायचे आणि पोटापाण्यासाठी मैफलींवर भिस्त ठेवायची, असा तो हिशेब होता.

हा हिशेब मला विशेष वाटतो, कारण मी दरबारी कलावंताचा मुलगा. होळकरांच्या दरबारी नानासाहेब पानसे यांचा पखवाज घुमला. अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ इथेच सारंगी वाजवीत. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि तो आश्रय संपला. पुढे रेडिओ आला, शाळा आल्या, कंपन्या आल्या. प्रत्येक धन्याची आपली एक आवड असते, आणि ती सांभाळणे चाकराला भागच पडते. या मंडळींनी धनी म्हणून थेट श्रोत्यालाच निवडले.

त्यांचे सारेच मला रुचते असे नाही. त्यांनी २००३ च्या ‘झीनी’त कबीर गायिला आहे. देवासच्या कुमारजींचे निर्गुण ऐकलेल्या कानांना तिथे शब्दामागची शांतता थोडी कमी पडते. पण कबीर नव्या मुलांपर्यंत पोचला, हे पुण्य त्यांच्या पदरी घालावेच लागेल.

स्वतंत्र राहण्याची वाट सोपी नव्हती. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम गेले. त्यांच्या आवाजावर अर्धा वृंद उभा होता. २०१३ मध्ये सुस्मितही वेगळे झाले. तरीही हिमांशु जोशी, तुहीन चक्रवर्ती, निखिल राव या नव्या साथीदारांना घेऊन गाडा चालला. २०१४ मध्ये ‘तंदानू’ आले आणि २०२३ मध्ये ‘तू है’.

म्हणून पालकांना मी इतकेच सांगतो : पोट भरेल, पण उशिरा, आणि रियाज अखंड असेल तरच. त्यापुढचे मात्र आपल्या हाती आहे. फुकट पासाची वाट पाहण्याची जुनी खोड आपल्या इंदूरकरांना आहे. दरबारच्या काळात ती शोभलीही असेल. आता शेजारचा मुलगा गिटार घेऊन गायला उभा राहिला, तर तिकीट काढून जावे आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बसावे.