दोन इंजिने, तरी पडते कसे?

२५ मे २०१७. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले राज्य सरकारचे हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली आले, विजेच्या तारांना लागले आणि वस्तीलगत कोसळले. सुदैवाने आतले सहाही जण वाचले. त्या दिवसांत मी सुट्टीवर डोंगरकड्याला होतो. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे हे आमचे गाव केळीच्या बागांचे. संध्याकाळी पारावर दुसरा विषयच नव्हता. मी हेलिकॉप्टर चालवतो हे गावाला ठाऊक असल्यामुळे सगळे माझ्याकडे पाहत होते. शेवटी तात्यांनी विचारलेच, "बाळा, त्याला दोन-दोन इंजिनं असतेत म्हणं. मग पडतंय कसं?"

अपघाताची कारणे ठरवणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम. त्याबद्दल मी काही बोललो नाही. पण तात्यांचा प्रश्न मला परका नव्हता. लष्करात एका इंजिनाचे 'चेतक' उडवून मी जुहूला दोन इंजिनांचे 'डॉफिन' शिकायला आलो, तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न उलट्या बाजूने होता. दोन इंजिने आहेत, आता कशाला पडते?

पहिल्याच तासाला आमच्या शिक्षकांनी फळ्यावर दोन चौकोन काढले आणि त्यांना जोडणारा एक गोल. चौकोन म्हणजे इंजिने, गोल म्हणजे गिअरबॉक्स. "इंजिने दोन आहेत. गिअरबॉक्स किती? वरचा पंखा किती? शेपटीचा पंखा किती?" आम्ही गप्प. जे दुहेरी आहे त्याच्यावर विसंबून, जे एकेरीच आहे ते विसरू नका, हा तो धडा होता.

पुढचे काही आठवडे पाठांतराचे गेले. तेल कुठून येते, कुठे जाते, वीज कशावर तयार होते, हायड्रॉलिकचा दाब गेला तर काय करायचे. प्रत्येक तबकडीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. हिरव्यात रहा, पिवळ्यात ठरलेला वेळच रहा, लाल रेषा ओलांडू नका. ऐकायला सोपे. पण त्या रेषा कोणाच्या आहेत हे समजले तरच त्या लक्षात राहतात. इंजिनाच्या आतले तापमान ही इंजिनाची मर्यादा. टॉर्क म्हणजे दांड्याला बसणारा पीळ; दोन्ही इंजिने चालू असताना ही मर्यादा बहुधा गिअरबॉक्सची असते. इंजिनांत अजून दम असतो, पण तो सगळा एकदम ओतला तर गिअरबॉक्सचे दात सोसणार नाहीत.

मग एक इंजिन बंद पडले तर? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी व्यवस्था असते. पायडल थांबवले तरी चाक फिरते, तसे मेलेले इंजिन पंख्याला अडवत नाही. उरलेल्या इंजिनाला अशा वेळी नेहमीपेक्षा जास्त ताकद देण्याची मुभा असते. पण ती मोजून. अनेक नव्या इंजिनांत सर्वांत मोठी ताकद फक्त तीस सेकंद, त्याखालची दोन मिनिटे. ती वापरली की वहीत नोंद करायची आणि पुढच्या उड्डाणाआधी इंजिन तपासायला द्यायचे. एखाद्याने घर जळताना अंगात नसलेली ताकद आणून खांब उचलावा, तसे हे आहे. रोज उचलता येत नाही.

आता खरी गोम. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगते तेव्हा त्याला खूप ताकद लागते. पुढे वेग घेतला, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले, की गरज बरीच कमी होते. म्हणजे उंचीवर वेगात असताना एक इंजिन गेले तर दुसरे सहसा घरी आणते. पण भरल्या वजनाने नुकतेच जमीन सोडलेले असेल, वेगही नाही आणि उंचीही नाही, तेव्हा उरलेले एक इंजिन पुरेलच असे नाही. म्हणून उड्डाणात एक निर्णयबिंदू ठरवतात. त्याआधी बिघाड झाला तर परत उतरायचे, नंतर झाला तर पुढे जायचे. त्यासाठी समोर मोकळी जागा लागते. शाळेच्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ काढले आणि पलीकडे विजेचे खांब असले, तर हा हिशेब बिघडतो.

त्यात आपला उन्हाळा. १५ अंशांच्या मानाने ४३ अंशांना हवा सुमारे नऊ टक्के विरळ होते. सहाशे मीटर उंचीच्या पठारावर इतके ऊन असेल तर यंत्राला आपण साडेसतराशे मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर असल्यासारखे वाटते. पात्यांना पकडायला हवा कमी, इंजिनाला जाळायला हवा कमी, आणि आतले तापमान लाल रेषेला लवकर टेकते. पुस्तकात डॉफिन एन-३ चे कमाल वजन ४,३०० किलो लिहिलेले असते. पण त्या दिवशी, त्या मैदानावर किती, ते आलेखावर बोट फिरवून काढावे लागते, आणि ते कमीच येते.

हे सारे मी चांगल्या गुणांनी पास झालो. खरी परीक्षा नंतर आली. असाच मे महिना, मराठवाड्यातलेच एक गाव, दुपारचे दोन. आलेखाप्रमाणे मला चार माणसे नेता येत होती. आली पाच. मी पाचव्याला मोटारीने यायची विनंती केली. ते गृहस्थ भडकले. "दोन इंजिनं आहेत ना? मग घाबरता कशाला?" भोवती शे-दोनशे माणसे, डोक्यावर ऊन, आणि मागून कोणीतरी म्हणाले, सकाळी तर याच मशीनने पाच आणले होते. खरेच आणले होते. पण सकाळी सातला हवा वेगळी असते. मी पाचव्याला घेतले नाही. आम्ही निघालो, बिनघोर पोहोचलो, त्यामुळे मी बरोबर होतो याचा काहीच पुरावा उरला नाही. उरली ती तक्रार. मला कार्यालयात बोलावून लेखी खुलासा मागितला. मी आलेखाची प्रत जोडली. पुढचे दोन महिने मात्र अशा कामांच्या यादीत माझे नाव नव्हते.

आपल्या धंद्यातली ही अडचण आहे. मर्यादा मोडून सुखरूप पोहोचलेला माणूस धाडसी ठरतो आणि मर्यादा पाळून पोहोचलेला भित्रा. दोघेही पोहोचलेच, मग फरक काय, असे लोकांना वाटते. फरक त्या तीस सेकंदांचा असतो, आणि ते सेकंद बहुतेक दिवशी येतच नाहीत.

पारावर मी हे सगळे सांगितले नाही. तात्यांना म्हणालो, "तात्या, बैलजोडीतला एक बैल बसला तर दुसरा गाडी ओढतो का?"

"रिकामी असंल अन् सडक असंल तर ओढतो."

"भरलेली असली, चिखलात असली तर?"

तात्या काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे भरतानाच बघावं लागतंय. पण मोठा माणूस गाडीत बसाया आला, तर त्याला उतर म्हणायचं कुणी?"

"जो कासरा धरतो त्यानं," मी म्हणालो.

पुस्तकात सगळ्या मर्यादा आकड्यांत दिलेल्या असतात. ही एकच तेवढी कुठल्या पानावर नसते.