पदवीधर मुले आणि पेढीवरचे शिक्षण

आळंदच्या जुन्या पेढ्यांवर निजामी अमदानीत दोन नाणी एकाच वेळी चालत. संस्थानचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब दहा-बारा वर्षांच्या मुलासही तोंडपाठ असे. पावकी, निमकी, दिडकी पाठ झाल्यावाचून त्यास गादीजवळ बसू देत नसत. पुढे 1950 च्या दशकात हाली सिक्का गेला, 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि पाढ्यांचा तो व्याप हळूहळू मागे पडला. त्याबद्दल आम्ही हळहळत नाही. गुणाकार यंत्राने करावा हेच बरे. परंतु पाढ्यांबरोबर आणखी एक सवय गेली. उसना पैसा हाती येताच ‘याला शेकडा काय पडते?’ असे विचारण्याची ती सवय होय.

आज आमच्या सभासदांची मुले एम.एस्सी., एम.कॉम. होतात, कोणी पीएच.डी.स बसतात. 2009 साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ तर कडगंचीस, म्हणजे आमच्या तालुक्यातच आहे. पुष्कळ मुले सोलापूर, पुणे येथेही जातात. ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि आमच्या परिचयातील एका तूर-अडत्याच्या मुलाची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

हा मुलगा परगावी पदव्युत्तर वर्गात शिकत होता. खोलीचे भाडे थकले. वडिलांस सांगण्याचा संकोच वाटला, म्हणून त्याने मोबाइलवरील एका ॲपवरून ₹5,000 कर्ज घेतले. ‘शुल्क’ कापून हाती आले ₹3,500, आणि सात दिवसांनी फेडावयाचे ₹5,000. साडेतीन हजारांवर आठवड्यास दीड हजार म्हणजे शेकडा सुमारे त्रेचाळीस! आमच्या बाजारात महिन्यास शेकडा दोन म्हटले तरी लोक भुवया उंचावतात. पहिले फेडण्यास दुसरे, दुसरे फेडण्यास तिसरे, असे करता करता त्याच्या मित्रांना व नातलगांना धमकीचे फोन येऊ लागले, तेव्हा कोठे घरी कळले. त्या सत्राची परीक्षा त्याने दिली नाही. संख्याशास्त्रात तो वर्गात पहिला होता, हे मुद्दाम नमूद करतो.

दोष त्याचा, तसाच आमचाही. ‘तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहतो,’ असे आम्हीच मुलांस सांगत आलो. दिवाळीस वहीपूजनाला त्यांना हळदकुंकू वाहावयास बोलावतो, वही वाचावयास मात्र बसवीत नाही.

शैक्षणिक कर्जाचेच पाहा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पाच लाख, दरसाल अडीच लाख असे उचलले, व्याज दहा टक्के धरले. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, म्हणून मूल व बाप दोघेही निश्चिंत असतात. पण व्याज थांबलेले नसते. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचे ₹75,000 आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे ₹50,000, असे सव्वा लाख साध्या व्याजानेच चढतात. पहिला हप्ता सुरू होतो तो सव्वासहा लाखांवर. पहिल्या वर्षी महिन्यास दोन हजारांच्या आसपास व पुढे चार हजारांच्या आसपास व्याज भरत गेल्यास हा बोजा टळतो. हे गणित कठीण नाही, ते मुलापुढे कोणी मांडत नाही एवढेच. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देणाऱ्याने ‘मुख्य तथ्य पत्रक’ देऊन सर्व शुल्कांसह वार्षिक दर त्यात दाखविला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सही करण्यापूर्वी तो एक कागद वाचावा. पत्रक न देणारा सावकार ओट्यावर बसलेला असो वा मोबाइलमध्ये, त्यास दुरूनच नमस्कार करावा.

शिष्यवृत्तीचीही गंमत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा ₹37,000 झाली. रक्कम लहान नव्हे. परंतु ती कधी रखडते आणि मग काही महिन्यांची एकदम येते. तुरीचा व्यापारी हे ओळखतो. सुगीत आलेला पैसा वर्षभर पुरवावयाचा असतो. हे शहाणपण मुलास उपजत येत नाही.

सरकारी प्रयत्न नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँक, सेबी आदी संस्थांनी उभारलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र पदवीधर व पदव्युत्तर तरुणांसाठी ‘फॅक्ट’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रम चालविते. रिझर्व्ह बँकेनेही 2024 चा आर्थिक साक्षरता सप्ताह मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी ठेवला होता. असे वर्ग आळंदला मागवावेत. मात्र व्याख्यान ऐकून मुले टाळ्या वाजवितात आणि घरी जातात, असा आमचा अनुभव. त्यापेक्षा सुटीत दोन रविवार पदव्युत्तर मुलांस, आणि मुलींसही, पेढीवर बसवावे. ज्याचे त्याचे खरे कर्जपत्र, खरे बँकेचे पासबुक पुढे घ्यावे आणि शेकडा काय पडते ते त्यांच्याच हाताने काढवावे.

वर सांगितलेल्या मुलाने पुढील वर्षी परीक्षा दिली. वडिलांनी त्यास लाल कापडी बांधणीची एक वही दिली आहे. तीत पहिल्या पानावर ₹3,500 जमा आणि ₹5,000 नावे, अशी नोंद त्याने स्वतःच्या अक्षरात केलेली आम्ही पाहिली.